ग्लाम्सच्या भुतांची छाननी : आधी कागद, मग भिंत, यंत्र शेवटी

जुन्या किल्ल्यातल्या भुताची शहानिशा करायची म्हटलं की बहुतेक जण आधी बॅगेत टॉर्च, थर्मामीटर आणि टूंटूं वाजणारं मीटर भरतात. आमचा क्रम उलटा असतो. पहिल्यांदा कागद, मग बांधकाम, मग माणसं, आणि यंत्र सगळ्यात शेवटी. मीटर फार तर आज रात्री खोलीत काय चाललंय ते सांगेल. भुताची गोष्ट कधी जन्मली आणि ती सांगते ती भिंत तेव्हा उभी होती का, हे त्याला विचारून उपयोग नाही. गोष्टीलाही वय असतं आणि भिंतीलाही. ही दोन वयं शेजारी मांडली की अर्धं काम तिथंच होतं.

हे काम शिकायला स्कॉटलंडमधला ग्लाम्सचा किल्ला उत्तम. अँगस परगण्यात, डंडीच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर. १३७२ साली राजा दुसरा रॉबर्ट याने ही जहागीर सर जॉन लायन याला दिली आणि आजही ती त्याच घराण्याकडे आहे. सलग एका घराकडे राहिल्यामुळे कागद टिकले, आणि कागद टिकल्यामुळे भुतांची उलटतपासणी करता येते. शिवाय घराणं राजघराण्याच्या सोयरिकीतलं. दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या आईचं हे माहेर, राजकन्या मार्गारेटचा जन्म १९३० साली इथलाच. त्यामुळे प्रत्येक गोष्टीला वर्तमानपत्रांनी भरपूर तिखटमीठ लावलेलं आहे, तेही खरवडून काढावं लागतं.

पहिली पायरी म्हणजे गोष्टीचे तुकडे करणं. ‘ग्लाम्समध्ये भुतं आहेत’ हे वाक्य तपासता येत नाही. एक आडवा कागद घ्यायचा आणि रकाने पाडायचे : कोण दिसतं, कुठे दिसतं, कोणत्या घटनेशी जोडलंय, घटनेचं साल, ही जोडणी छापील स्वरूपात पहिल्यांदा कधी आली, आणि ती जागा त्या साली होती का. शेवटचे दोन रकाने महत्त्वाचे, आणि हौशी लोक नेमके तेच कोरे ठेवतात. ग्लाम्ससाठी निदान पाच ओळी भराव्या लागतात : माल्कम राजाचा खून आणि न पुसला जाणारा रक्ताचा डाग, चॅपलमधली (किल्ल्यातल्या प्रार्थनामंदिरातली) करडी बाई, सैतानाशी पत्ते खेळणारा दाढीवाला अर्ल (अर्ल म्हणजे बडा उमराव), गुप्त खोली, आणि त्या खोलीत कोंडलेला ‘राक्षस’. शेवटच्या दोन ओळी लोक एकच धरतात. त्या वेगळ्याच ठेवायच्या, कारण पुढे दिसेल.

माल्कमचं प्रकरण लवकर आटोपतं. दुसरा माल्कम १०३४ साली ग्लाम्सला मेला असं जुनी इतिवृत्तं सांगतात. मारला गेला की आपल्या मरणाने मेला यावर त्यांचं एकमत नाही. पण आजच्या वाड्याचा जुन्यातला जुना भागही लायन घराण्याच्या काळातला, म्हणजे माल्कमनंतर साडेतीनशे वर्षांनी सुरू झालेला. त्याच्या नावाची खोली दाखवतात ती नावापुरती. डागाचं रसायन तपासत बसायचं कारणच उरत नाही. ‘डंकनचं दालन’ तर त्याहून पुढचं. डंकन राजा १०४० साली एल्गिनजवळ लढाईत पडला, ग्लाम्सशी त्याचा संबंध शेक्सपिअरच्या नाटकापुरता. मॅकबेथ त्या नाटकात ग्लाम्सचा ‘थेन’, म्हणजे सरदार आहे, म्हणून डंकनचा खून इथं ओढून आणला.

करड्या बाईसाठी मात्र वेळ काढावा लागतो. हिच्यामागे खरी बाई आहे, खरा खटला आहे, आणि त्याचे कागद छापलेले आहेत. जॅनेट डग्लस ही सहाव्या लॉर्ड ग्लाम्सची विधवा. पाचव्या जेम्स राजाचा डग्लस घराण्यावर दात होता; त्याचा सावत्र बाप आर्चिबाल्ड डग्लस याने त्याला लहानपणी जवळजवळ कैदेतच ठेवलं होतं, आणि जॅनेट ही त्या आर्चिबाल्डची बहीण. १७ जुलै १५३७ रोजी तिला एडिंबराच्या कॅसल हिलवर जिवंत जाळलं. सगळे मार्गदर्शक आणि निम्मी पुस्तकं ‘चेटकीण म्हणून जाळलं’ असं सांगतात. इथं मूळ खटला उघडायचा. रॉबर्ट पिटकेर्नने एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे जुने फौजदारी खटले संपादित करून छापले, त्यात हा आहे. आरोप दोन : राजाला विष घालण्याचा कट आणि राजद्रोही ठरलेल्या भावांना मदत. चेटकाचा आरोप नाही. चेटूक हा देहदंडाचा गुन्हा ठरवणारा स्कॉटलंडचा कायदाच १५६३ चा, म्हणजे तिच्या मरणानंतर सव्वीस वर्षांनी आलेला. पुढच्या शतकभरात स्कॉटलंडमध्ये चेटकिणींना जाळण्याची लाट आली, आणि ‘जाळली म्हणजे चेटकीणच असणार’ हा हिशोब मागे नेऊन हिच्या माथी मारला गेला.

आता शेवटचा रकाना. करडी बाई दिसते ती चॅपलमध्ये, गुडघे टेकून प्रार्थना करताना. त्या चॅपलच्या भिंती-छतावरची चित्रं याकोब द वेट या डच चित्रकाराची, १६८८ च्या सुमाराची. चॅपलला आजचं रूप तेव्हाच मिळालं. जॅनेटला जाऊन दीडशे वर्षं झाली होती. ती मेली एडिंबराला. तरी भूत चॅपलमध्ये का? आमच्या अनुभवात याचं उत्तर बहुतेक वेळा जागेच्या वापरात सापडतं. भुताला घरातली सगळ्यात शांत, कमी वावराची, मंद उजेडाची खोली मिळते, आणि पाहुण्यांना जिथं गप्प बसवतात तिथंच त्याला साक्षीदार मिळतात. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. रकान्यात तो वेगळ्या शाईने लिहायचा.

दाढीवाला अर्ल म्हणजे क्रॉफर्डचा चौथा अर्ल अलेक्झांडर लिंडसे. १४५२ साली ब्रेकिनच्या लढाईत हरला, १४५३ साली मेला. गोष्ट अशी की रविवार सुरू झाला तरी याला पत्ते सोडवेनात, कुणी जोडीदार मिळेना, तेव्हा सैतान दार ठोठावून आला आणि दोघं कयामतपर्यंत खेळत बसले. याचा ठावठिकाणा तपासला तर त्याचं बिऱ्हाड फिनेव्हनला, ग्लाम्सला नव्हे. आणि रविवारच्या करमणुकीवरचा हा दरारा स्कॉटलंडमध्ये खरा बसला तो १५६० च्या धर्मसुधारणेनंतर. म्हणजे पात्र पंधराव्या शतकातलं, पण त्याच्या तोंडचं पाप नंतरच्या काळाचं. असा सांधा दिसला की गोष्ट उशिरा शिवलेली आहे असं समजायला हरकत नाही.

आता गुप्त खोली. इथं ‘पहिल्यांदा कधी छापलं’ हा रकाना खरा कामाला येतो. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट एकोणीस-वीस वर्षांचा असताना ग्लाम्सला एक रात्र राहिला, आणि १८३० साली पिशाच्चविद्या व चेटूक यांवरच्या पत्रांत त्याने ते लिहिलं. तो म्हणतो, इथं एक गुप्त खोली आहे. तिचं दार कुठे हे एका वेळी तिघांनाच ठाऊक असतं : अर्ल, त्याचा वारस, आणि ते दोघं विश्वासात घेतील तो तिसरा. सरंजामी काळातल्या धोक्याची खूण, एवढंच त्याला त्यात वाटतं. राक्षस नाही, कैदी नाही. भुताखेतांवर पुस्तक लिहिणारा माणूस असा ऐवज हाती असता तर सोडता ना. म्हणून त्याचं मौन बोलकं धरायचं. राक्षसाची नोंद पुढची. १९०८ साली ‘नोट्स अँड क्वेरीज’ या नियतकालिकात एकाने लिहिलं की साठेक वर्षांपूर्वी, पोरवयात, आपण ही गोष्ट ऐकली : खोलीत खरा वारस कोंडलाय, पण तो लोकांपुढे आणण्याजोगा नाही. म्हणजे १८३० आणि १८४०-५० यांच्या दरम्यान रिकाम्या खोलीत कुणीतरी राहायला आलं.

शोधताना एक अडचण हमखास येते. जुन्या छपाईत ग्लाम्सचं स्पेलिंग कधी एका एमचं, कधी दोन एमचं, आणि स्कॅन केलेल्या पानांवर यंत्र अक्षरं चुकीची वाचतं. त्यामुळे नावाने शोधून भागत नाही. ‘स्ट्रॅथमोर’ (या घराण्याच्या अर्लपदाचं नाव) आणि ‘गुप्त खोली’ असे जोडशब्द घालून, दर दहा वर्षांचा टप्पा वेगळा करून शोधायचं. एकाच टप्प्यात एकदम डझनभर लेख निघाले तर ते साक्षीदार डझनभर आहेत असं धरू नये. वाक्यरचना जुळवून पाहिली की बहुतेक एकमेकांवरून उतरवलेले निघतात.

यानंतर खिडक्या. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते : पाहुण्या मंडळींनी प्रत्येक खोलीत जाऊन खिडकीतून टॉवेल लटकवले, बाहेर येऊन पाहिलं, तर काही खिडक्या बिनटॉवेलच्या. ऐकायला झकास, पण मोजणी म्हणून कच्ची. असल्या वाड्यात बाहेरच्या आणि आतल्या खिडक्यांची बेरीज जुळतच नाही. कारणं साधी आहेत. गोल जिन्याला स्वतःच्या खिडक्या असतात आणि जिना ही ‘खोली’ कुणी धरत नाही. उंच दालनाला खिडक्यांच्या दोन ओळी असतात. बाहेरून ते दोन मजले वाटतात. एखादी मोठी खोली मागाहून लाकडी पडदीने दोन केलेली असते आणि पडदी खिडकीच्या मधोमध येते. भिंतीच्या जाडीत कोनाडे, कपाटं, शौचकूप असतात, त्यांना हातभर झरोका असतो. काही खिडक्या नुसत्या दर्शनी शोभेसाठी, मागे सलग दगड. काही बुजवलेल्या.

मोजायचं असेल तर असं मोजावं. चारही बाजूंचे दर्शनी फोटो दुरून, किल्ल्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावरून काढायचे, म्हणजे वरच्या खिडक्या छज्जाआड जात नाहीत. फोटोवर मजल्याच्या रेषा ओढून प्रत्येक खिडकीला क्रमांक द्यायचा : बाजूचं अक्षर, मजला, डावीकडून अनुक्रम. मग जुना आराखडा शेजारी ठेवायचा. मॅकगिबन आणि रॉस यांनी १८८७ ते १८९२ या काळात स्कॉटलंडच्या किल्ल्यांचे पाच खंड काढले, त्यांत ग्लाम्स आहे. हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या सरकारी वारसा संस्थेच्या ऑनलाइन संग्रहातली रेखाटनंही धुंडाळायची. आराखड्यावर प्रत्येक क्रमांक बसवत जायचं आणि उरलेल्यांपुढे कारण लिहायचं : जिना, दुहेरी उंची, आंधळी, बुजवलेली, झरोका. कारण न सापडलेल्या तेवढ्याच खिडक्या ‘बिनटॉवेलच्या’. आत जाताना मार्गदर्शकासोबत ठरलेल्या वाटेनेच जावं लागतं, त्यामुळे पर्यटकाला किल्ल्याचा मोठा भाग दिसतच नाही. न दिसलेल्या खोलीला गुप्त खोली म्हणू नये, ती बहुधा घराण्याच्या राहत्या भागातली असते.

खिडक्या बुजवण्यामागे कधी कधी कर असतो. खिडकीकर इंग्लंडमध्ये १६९६ साली आला, स्कॉटलंडमध्ये १७४८ साली. स्कॉटलंडच्या याद्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि स्कॅन करून ऑनलाइन ठेवल्या आहेत. पॅरिशवार (एकेका चर्चच्या हद्दीनुसार) घरमालकाचं नाव आणि करपात्र खिडक्यांचा आकडा. लागोपाठच्या यादीत आकडा एकदम खाली आला की कुणीतरी गवंडी बोलावला होता असं समजावं. वसुली टाळण्यासाठी विटांनी लिंपलेल्या खिडकीमागे राक्षस शोधणारे लोक आम्ही पुष्कळ पाहिलेत.

टॉवेलवाल्या गोष्टीतली खरी खोट वेगळीच आहे. स्कॉटने दार गुप्त म्हटलंय; खोलीला खिडकी आहे असं तो कुठेच म्हणत नाही. ग्लाम्सच्या भिंती काही ठिकाणी सोळा फूट जाड सांगतात, तिथं बिनखिडकीची खोली सहज मावते, आणि ती टॉवेलने कधीच सापडणार नाही. उलट एखादा माणूस वर्षानुवर्षं कोंडून ठेवायचा तर त्याला शेगडी लागेल, शेगडीला धुराडं, शौचाला मोरी, जेवणाला वाट. स्कॉटलंडच्या हिवाळ्यात बिनविस्तवाच्या दगडी खोलीत माणूस टिकत नाही. म्हणून राक्षसाचा शोध घ्यायचा तर खिडक्या सोडून धुराडी मोजावीत : छपरावरच्या धुराड्यांची तोंडं एका बाजूला, आतल्या शेगड्या दुसऱ्या बाजूला. हे काम कुणी फारसं करत नाही, कारण त्यात टॉवेलची गंमत नाही.

आणि गुप्त खोली होती का? होती, निदान एक तरी. सतराव्या शतकात पॅट्रिक लायन या अर्लने किल्ल्याची मोठी डागडुजी केली आणि खर्चाची रोजवही ठेवली. ती १८९० साली छापली गेली. त्यात १६८४ ची नोंद आहे : चार गवंड्यांशी करार केला, छोट्या कोठीच्या जमिनीतून खाली खणून दप्तरखान्याच्या आत एक कोठडी करायची. दप्तरखाना म्हणजे जमिनीच्या सनदा ठेवायची जागा. धामधुमीच्या त्या दिवसांत सनद गेली की जमीन गेली, तेव्हा वरून खणून आत काढलेली कोठडी कशासाठी हे वेगळं सांगायला नको. घराण्याच्या भुतावळीतला हा एकच ऐवज मालकाच्या स्वतःच्या हिशेबात सापडतो, आणि पुस्तकात त्यालाच सगळ्यात कमी जागा मिळते.

राक्षसाला नाव मिळालं विसाव्या शतकात : थॉमस. वंशावळीत १८२१ च्या ऑक्टोबरमध्ये लॉर्ड ग्लाम्सला थॉमस नावाचा मुलगा झाला आणि त्याच दिवशी गेला, अशी नोंद आहे. तारीख मात्र एका ग्रंथात १८ तर दुसऱ्यात २१. पुढचा मुलगा सप्टेंबर १८२२ चा, तो बारावा अर्ल झाला. गोष्ट म्हणते पहिला मेलाच नाही. तारखांतला फरक हा काही पुरावा नव्हे. अल्पायुषी मुलांच्या नोंदींत अशी गफलत नेहमीची. पण ‘ग्रंथात मेला म्हटलंय म्हणजे मेलाच’ असं म्हणून खंडन करणाऱ्यानेही जरा थांबावं. याच घराण्यातल्या नेरिसा आणि कॅथरीन बोज-लायन या बहिणी १९४१ पासून मतिमंदांच्या संस्थेत होत्या, आणि ब्रिटिश उमरावांच्या १९६३ च्या बर्कच्या वंशावळीत दोघींना १९४० आणि १९६१ साली मेल्या असं छापलं होतं. नेरिसा प्रत्यक्षात १९८६ पर्यंत जगली, कॅथरीन २०१४ पर्यंत. हे १९८७ साली उघड झालं. वंशावळीचे ग्रंथ घराण्याने कळवलेलं छापतात. त्यामुळे थॉमसच्या ओळीपुढे आम्ही ‘पुरावा नाही’ लिहितो, ‘खोटं’ लिहीत नाही.

एवढं झाल्यावर माणसं. साक्ष घेताना ‘करडी बाई दिसली का?’ असं विचारलं की साक्ष वाया गेली. कोरा नकाशा हातात द्यायचा, काही जाणवलं असेल तिथं फुली मारायला सांगायचं, काय जाणवलं ते स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यायचं आणि इथली गोष्ट आधी ऐकली होती का हे सर्वांत शेवटी विचारायचं. चौघं एकत्र आले असतील तर चौघांना वेगळं बसवून, आपसात बोलण्याआधी. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी लंडनजवळचा हॅम्प्टन कोर्ट राजवाडा आणि एडिंबराच्या साउथ ब्रिजखालच्या तळघरांत साधारण असंच केलं, २००३ साली ते प्रसिद्ध झालं. बदनाम जागांवर अनुभव खरोखरच जास्त निघाले, बदनामी ठाऊक नसलेल्यांचेही. त्यांनी त्याचा संबंध उजेड आणि खोलीचा आकार यांसारख्या गोष्टींशी जोडला. म्हणजे ‘सगळं मनाचे खेळ’ म्हणून हात झटकणंही घाईचंच. जागेत काहीतरी असतं, फक्त ते बहुतेक वेळा वास्तुशास्त्रज्ञाच्या कामाचं असतं.

आणि आता यंत्र. परवानगी लेखी हवी, वीजजोडणीचा नकाशा मागून घ्यावा. स्वस्त चुंबकीय मीटर भिंतीतल्या ५० हर्ट्झच्या वायरीला आणि तुमच्याच खिशातल्या फोनला भूत समजतं. ‘थंड जागा’ मोजायला पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरू नये, तो हवेचं नव्हे, समोरच्या दगडाचं तापमान सांगतो. तीन डेटा लॉगर (तापमान आपोआप नोंदवत राहणारी यंत्रं) घ्यावेत, घोटा, कंबर आणि डोकं अशा उंचीवर, दर मिनिटाला नोंद, संध्याकाळ ते सकाळ. घोट्याशी दोन-तीन अंश कमी आणि डोक्याशी नाही, तर तो दाराखालचा वारा. वाऱ्याची दिशा पाहायला अगरबत्ती पेटवू नका, धुराचा अलार्म वाजतो. काडीला बांधलेला रेशमाचा धागा पुरतो. ग्लाम्सच्या गोल जिन्याचा मधला खांब पोकळ आहे. असा जिना थंडीत चिमणीसारखा हवा वर ओढतो आणि खालच्या मजल्यावरचं बोलणं वर नेऊन सोडतो, म्हणून पावलांचे आणि कुजबुजीचे अनुभव जिन्याच्या तोंडाशी दाटलेले असतील तर आधी खाली एकाला बोलायला उभं करावं.

न ऐकू येणाऱ्या आवाजाची फार चर्चा होते. व्हिक टँडी या इंजिनिअरने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रयोगशाळेतल्या भुताचं मूळ एका पंख्यात सापडलं, १९ हर्ट्झच्या आसपास. या लहरीची लांबी सुमारे १८ मीटर, म्हणून ९ मीटर लांबीच्या बंद खोलीत ती ‘उभी’ राहू शकते, म्हणजे भिंतींवरून परतत तिथल्या तिथे घुमत राहते. मोजण्याआधी टेपने खोलीची लांबी घ्या. ५ मीटरच्या कोठडीत हे स्पष्टीकरण लावू नका. फोनचा माइक २० हर्ट्झच्या खाली भरवशाचा नसतो, ॲपवरचा आलेख पुरावा म्हणून जोडू नये. शिवाय मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर फ्रेंच आणि मंडळींनी मुद्दाम खोली बांधून ७९ जणांवर चुंबकीय क्षेत्र आणि हे अश्राव्य ध्वनी सोडून पाहिले. २००९ सालच्या त्यांच्या निबंधानुसार विचित्र अनुभव पुष्कळांना आले, पण ते यंत्र चालू की बंद याच्याशी जुळले नाहीत. म्हणून प्रत्येक पाहणीत एक बिनगोष्टीची खोली ठेवायची : त्याच मजल्यावरची, त्याच आकाराची, तेवढ्याच उजेडाची. लोकांना दोन्ही खोल्यांत सारखा वेळ बसवायचं, कोणती कुठली ते त्यांना नेणाऱ्यालाही सांगायचं नाही. दोन्हीकडच्या फुल्या सारख्याच पडल्या तर लॉगर गुंडाळावेत आणि पुन्हा कागदांकडे वळावं.